जुने मोहेरचे प्राणी कसे पारखावेत, कसे घ्यावेत आणि कसे जपावेत

विसाव्या शतकाच्या पहिल्या सहा-सात दशकांत जर्मनीत आणि इंग्लंडमध्ये मोहेरच्या, म्हणजे अंगोरा शेळीच्या लोकरीच्या, लवदार कापडातून जे कुत्रे, मांजरे, हत्ती, ससे, माकडे आणि अस्वले शिवली गेली, त्यांचे संग्राहक आज जगभर आहेत. हा संग्रह नव्याने सुरू करू इच्छिणाऱ्या मराठी वाचकासाठी, मग तो पुण्यात राहत असो वा नोकरीनिमित्त जर्मनीत, पुढील मार्गदर्शन लिहिले आहे. त्यात माझा एक आग्रह आहे: खेळणे हाती आले की आधी त्याचे अंग वाचावे आणि कारखान्याची खूण असलेले कानातले बटण सर्वांत शेवटी पाहावे. बटण एका प्राण्याच्या कानातून काढून दुसऱ्याच्या कानात बसवता येते, लेबल नवे छापता येते. परंतु साठ-सत्तर वर्षांच्या हाताळणीने झिजलेली लव, सुकलेले भरण आणि पिकलेला दोरा यांची एकत्रित नक्कल करणे फार अवघड असते.

सुरुवात कशापासून करावी, याविषयी माझे मत ठाम आहे. अस्वलांच्या मागे लागू नये. सर्वांत जुन्या अस्वलांचा बाजार श्रीमंत संग्राहकांनी फार पूर्वीच व्यापला आहे. १९०४ च्या सुमारास बनलेले 'टेडी गर्ल' नावाचे श्टाइफ या जर्मन कारखान्याचे अस्वल १९९४ मध्ये लंडनच्या क्रिस्टीज या लिलावगृहात १,१०,००० पौंडांना विकले गेले. नवशिक्याने १९५० च्या दशकातील छोटे बैठे किंवा उभे प्राणी घ्यावेत. स्पॅनियल जातीचा 'कॉकी', कुत्र्याचे पिल्लू 'मॉली', डाखशुंड 'वाल्डी', ससा 'निकी', चिंपांझी 'योको' हे प्राणी याच कारखान्याने मोठ्या संख्येने बनवले, ते अजून जुन्या बाजारात मिळतात, आणि त्यांच्या किमती पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अस्वलांच्या मानाने पुष्कळच कमी असतात. शिवाय एकच प्राणी १०, १४, १७, २२ सेंटिमीटर अशा वेगवेगळ्या मापांत मिळत असल्याने दोन-तीन नग शेजारी ठेवून नजर तयार करता येते, आणि पारख शिकण्याचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही.

गींगेन आणि तेथील हात

श्टाइफ हे नाव इथे वारंवार येणार असल्याने त्याची थोडी ओळख आवश्यक आहे. दक्षिण जर्मनीत ब्रेन्त्स नदीकाठी गींगेन नावाचे छोटे गाव आहे. तेथे १८४७ मध्ये जन्मलेल्या मार्गारेटे श्टाइफ यांना दीड वर्षाच्या असताना पोलिओ झाला. पाय अधू झाले आणि उजवा हातही नीट चालेना. तरीही त्या शिवणकाम शिकल्या, आणि १८८० मध्ये त्यांनी फेल्टचा, म्हणजे दाबून बनवलेल्या लोकरी कापडाचा, एक छोटा हत्ती शिवला. तो टाचण्या खोचण्याची उशी म्हणून केला होता, पण मुले त्याच्याशी खेळू लागली आणि त्यातून खेळण्यांचा व्यवसाय उभा राहिला. त्यांचे पुतणे रिखार्ड श्टाइफ श्टुटगार्टमध्ये कला शिकले. तेथील निल यांच्या प्राणिसंग्रहालयात बसून त्यांनी अस्वलांची रेखाटने केली, १९०२ मध्ये हलत्या हातपायांचे '५५ पीबी' हे अस्वल तयार केले, आणि १९०३ च्या लाइपत्सिगच्या जत्रेत एका अमेरिकी खरेदीदाराने त्याचे ३,००० नग मागवले. १९०७ या एका वर्षात कारखान्यातून नऊ लाखांहून अधिक अस्वले बाहेर पडली.

संग्राहकाला यातून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ही खेळणी जिवंत प्राणी पाहून घडवलेली आहेत. मांजराची मान, बसलेल्या कुत्र्याच्या मागच्या पायांची घडी, चिंपांझीच्या भुवईचा उंचवटा यांत निरीक्षण दिसते. चेहऱ्याचा शेवटचा हात, म्हणजे नाकाचे टाके, तोंडाची रेघ आणि फवाऱ्याने मारलेल्या रंगाचे पट्टे, हे काम माणसाच्या हाताने होत असे, म्हणून एकाच क्रमांकाचे दोन प्राणीही अगदी सारखे दिसत नाहीत. शक्य असेल तेव्हा चेहरा पाहूनच निवड करावी. दुर्मीळ पण बिघडलेल्या चेहऱ्याच्या प्राण्यापेक्षा साधा पण बोलक्या चेहऱ्याचा प्राणी संग्रहात जास्त काळ टिकतो, असा माझा अनुभव आहे.

अंग कसे वाचावे

मोहेर ही अंगोरा शेळीची लोकर होय. अंगोरा सशाची लोकर निराळी, आणि ती या कामाची नाही. मोहेरच्या तंतूवरील खवले मेंढीच्या लोकरीच्या मानाने चपटे असल्याने त्याला रेशमासारखी चमक येते, धूळ सहज झटकली जाते आणि घासल्याने त्याचा नमद्यासारखा गोळा होत नाही. म्हणूनच मुलांच्या हातात रोज चुरगळणाऱ्या खेळण्याला ते मानवले. इंग्लंडमधील ब्रॅडफर्ड हे मोहेर सूतकताईचे मोठे केंद्र होते, आणि जर्मनीत डुइसबुर्ग येथील शुल्टे यांची गिरणी असे कापड विणण्यासाठी आजही ओळखली जाते. विणताना दोन सुती तळकापडे समोरासमोर ठेवून त्यांच्यामध्ये लवेचे धागे खेळवतात आणि नंतर मधोमध चिरून दोन लवदार कापडे वेगळी करतात.

ही रचना समजली की पहिली परीक्षा आपोआप सुचते. प्राण्याची लव दोन बोटांनी हळुवार विलग करून भिंगातून तळ पाहावा. तेथे उभा-आडवा धागा काटकोनात विणलेले, न ताणणारे सुती कापड दिसले आणि लवेचे झुबके ओळीने उगवलेले दिसले, तर तपासणी पुढे न्यावी. तळ बनियनच्या कापडासारखा विणकामाच्या फासांचा असेल आणि बोटाने ओढल्यावर ताणत असेल, तर ते बहुधा अलीकडचे कृत्रिम लवकापड असते. १९६० च्या दशकात श्टाइफनेही ड्रालॉन या कृत्रिम धाग्याची खेळणी काढली. त्यांची लव एकसारखी दाट असते आणि तिला मोहेरची खोल चमक नसते. अशी खेळणी खोटी नव्हेत, पण मोहेरच्या भावाने ती घेऊ नयेत. टंचाईच्या काळात वेगळीच कापडे वापरली गेली: पहिल्या महायुद्धानंतर काही काळ कागदी धाग्याचे, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या पुढे-मागे कृत्रिम रेशमाचे. ती दिसायला गरीब वाटतात, पण त्या काळाची साक्ष म्हणून त्यांना महत्त्व आहे.

दुसरी परीक्षा हाताने दाबून करायची. जर्मन प्राण्यांच्या आत बहुतेक वेळा वूडवूल, म्हणजे लाकडाचे केसासारखे बारीक लांब तंतू, ठासून भरलेले असते. दाबले की ते कुरकुरते आणि अंग घट्ट लागते. अनेक इंग्रजी प्राण्यांत कापोक वापरलेला असतो. हा आपल्याकडील पांढऱ्या सावरीच्या झाडाचा रेशमी कापूस, म्हणून असे खेळणे हाताला हलके आणि मऊ लागते. दाबल्यावर आत चुरा सरकल्यासारखा वाटला किंवा अंग एका बाजूला ढासळलेले असेल, तर आत फोम असण्याची शक्यता असते. जुना फोम कालांतराने चिकट होतो आणि मग त्याची पूड होते. ते भरण पूर्ण बदलल्याशिवाय उपाय नसतो, म्हणून असा प्राणी नवशिक्याने टाळलेला बरा. पोट दाबल्यावर चीं आवाज आला, किंवा अस्वल आडवे करून उभे केल्यावर गुरगुरले, तर आनंदाची गोष्ट. पण बंद पडलेल्या आवाजामुळे नग नाकारू नये, कारण आतील पडदा साठ वर्षांत फाटणे स्वाभाविक आहे.

डोळ्यांवरून काळाचा अंदाज येतो. पहिल्या महायुद्धापूर्वीच्या अनेक प्राण्यांना बुटाची काळी बटणे डोळे म्हणून लावलेली आढळतात. नंतर काचेचे डोळे रुळले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात प्लास्टिक शिरले. डोळा जिभेला किंवा दाताला लावून पाहण्याची काही लोकांची सवय अस्वच्छ आहे. गालाला लावला तरी काचेचा गारवा कळतो. मात्र डोळे बदललेले असू शकतात. म्हणून डोळ्याभोवतीची लव आणि दोरा पाहावा: जुन्या डोळ्याखाली लव दबलेली असते आणि बाजूच्या लवेपेक्षा तिचा रंग ताजा असतो.

यानंतरची परीक्षा सर्वांत विश्वासार्ह आहे आणि तिला कोणतेही उपकरण लागत नाही. मूल प्राण्याला कुठे धरते, याचा विचार करावा. नाक, कानांची टोके, एखादा पंजा, पाठीचा मध्य आणि शेपटीचे मूळ येथे लव आधी जाते. काखेत, हनुवटीखाली, गळ्यातल्या पट्ट्याखाली आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला ती मूळ लांबीची आणि मूळ रंगाची राहते. उन्हाने उडालेला रंगही असाच असमान असतो. खिडकीकडची बाजू फिकट आणि भिंतीकडची गडद. ज्या प्राण्याची झीज सगळीकडे सारखी आहे, ज्याच्या काखेतही नेमके तेवढेच टक्कल आहे, त्याच्यावर ब्रश किंवा कात्री फिरवून त्याला म्हातारे केले असल्याचा संशय घ्यावा. चहाच्या पाण्याने दिलेला जुनेपणाही असाच ओळखता येतो, कारण तो शिवणीच्या खाचांत आणि दोऱ्यातही सारखाच मुरलेला असतो.

अतिनील किरणांचा छोटा टॉर्च जवळ ठेवावा आणि अंधाऱ्या खोलीत तो प्राण्यावर फिरवावा. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पुष्कळ कृत्रिम धाग्यांत आणि आधुनिक शिलाईच्या दोऱ्यांत पांढरेपणा उजळवणारी रसायने असतात, ती या किरणांत निळसर पांढरी चमकतात. जुन्या अंगावर एकच शिवण किंवा एकच पंजा चमकला, तर तेथे नंतर दुरुस्ती झाली आहे. संपूर्ण अंग चमकले तर घाईने निर्णय देऊ नये; अस्सल जुना प्राणीही एखाद्या घरात आधुनिक डिटर्जंटने धुतला गेला, तर चमकू लागतो. धागा जाळून पाहण्याची परीक्षा खेळण्यावर कधीही करू नये.

बटण, लेबल आणि क्रमांक

अंग पटले की मगच कानाकडे वळावे. नकला रोखण्यासाठी श्टाइफने १९०४ पासून डाव्या कानात धातूचे बटण लावण्यास सुरुवात केली. पहिल्या बटणावर सोंड उचललेला हत्ती होता. त्यापाठोपाठ थोडा काळ कोरी बटणे आली. पुढे मोठ्या अक्षरांतील नाव असलेले बटण आले, ज्यात शेवटच्या 'एफ' अक्षराची शेपटी मागे वळून नावाखाली रेघेसारखी जाते. हे बटण थेट १९५० च्या सुमारापर्यंत चालले. युद्धानंतर काही काळ शेपटीविना ठळक मोठी अक्षरे आढळतात. १९५० च्या दशकाच्या आरंभापासून १९७० च्या आसपासपर्यंत हस्ताक्षरासारखी वळणदार उठावदार अक्षरे दिसतात, त्यानंतर तीच अक्षरे खोलगट कोरलेली, आणि १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून पितळी बटणे. कारखान्यात उरलेला माल पुढेही वापरला जाई, त्यामुळे या वर्षांच्या सीमा ताणून धरू नयेत.

बटणाखालच्या लेबलचा रंग दुसरी साक्ष देतो. साधारण १९०८ ते १९२६ या काळात पांढरे, त्यानंतर १९३० च्या दशकाच्या मध्यापर्यंत लाल आणि पुढे पिवळे. येथे नवशिके एका ठिकाणी हमखास अडखळतात: १९८० पासून श्टाइफनेच आपल्या जुन्या नमुन्यांच्या प्रतिकृती आणि मर्यादित आवृत्त्या काढल्या, आणि त्यांनाही पांढरी लेबले असतात. त्यांचे बटण पितळी असते, लेबल विणलेल्या कापडाचे असते आणि लव कोरी करकरीत असते. त्यामुळे अंग आधी वाचणारा फसत नाही. प्रतिकृती म्हणून त्या उत्तम असतात, पण त्यांचा संग्रह स्वतंत्र ठेवावा. पायाच्या किंवा हाताच्या शिवणीत 'यूएस झोन जर्मनी' असे छापलेली कापडी पट्टी सापडली, तर तो प्राणी साधारण १९४७ ते १९५३ मधील, म्हणजे अमेरिकी ताब्यातील जर्मनीचा असतो, आणि एवढी नेमकी तारीख देणारी खूण दुसरी क्वचितच मिळते.

१९५० च्या दशकातील लेबलवरील क्रमांक वाचता येणे फार उपयोगी पडते. चार अंकांत पहिला अंक ढब सांगतो: १ म्हणजे उभा, २ म्हणजे पहुडलेला, ३ म्हणजे बसलेला, ५ म्हणजे सांध्यांवर फिरणाऱ्या अवयवांचा. दुसरा अंक कापड सांगतो: १ म्हणजे फेल्ट, ३ म्हणजे मोहेर, ४ म्हणजे मखमल. शेवटचे दोन अंक उंची सेंटिमीटरमध्ये देतात. त्यामुळे ३३१७ म्हणजे बसलेला, मोहेरचा, १७ सेंटिमीटरचा प्राणी. लेबलवर ३३१७ असून हातातला प्राणी उभा असेल, किंवा मोजपट्टीवर २५ सेंटिमीटर भरत असेल, तर लेबल दुसऱ्याचे आहे. मोजताना कान सोडून आणि दबलेले भरण लक्षात घेऊन एक-दोन सेंटिमीटरची सूट द्यावी.

बटण नसणे हा दोष मानला जातो, पण त्याने खचून जाऊ नये. मुलाने गिळू नये म्हणून अनेक आयांनी ते स्वतःच उपटून टाकले. जुनी बटणे मागच्या बाजूस दोन टोके वाकवून बसवलेली असत, म्हणून कानाच्या मुळाशी दोन बारीक भोके, धातूचा करडा डाग किंवा किंचित फाटलेली लव सापडते. बटणाविना पण या खुणेसह असलेला, चांगल्या अंगाचा प्राणी बऱ्याच कमी किमतीत मिळतो, आणि माझ्या मते नवशिक्यासाठी ती सर्वांत शहाणपणाची खरेदी असते.

श्टाइफबाहेरही पुष्कळ काही आहे. न्यूर्नबर्गच्या शुको कंपनीचे प्राणी धातूच्या सांगाड्यावर बांधलेले असत, आणि त्यांतील काहींची शेपूट हलवली की मान होकार-नकार देते. हेर्मान, इंग्लंडमधील फार्नेल, डीन्स, चाड व्हॅली, चिल्टर्न आणि १९३० पासून आयर्नब्रिज येथे चालत आलेली मेरीथॉट यांची खेळणीही संग्राह्य आहेत. मात्र एका कारखान्याची शिवण, नाकाचे टाके आणि पंजांची ठेवण डोळ्यांत बसल्याशिवाय दुसऱ्याकडे जाऊ नये.

खरेदी

ऑनलाइन घेताना विक्रेत्याकडून छायाचित्रे नैसर्गिक प्रकाशात मागवावीत: समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठीमागून, पोटाखालून, पंजांचे तळवे, दोन्ही कानांची पुढची आणि मागची बाजू, आणि लव विलग करून दिसणारे तळकापड. मोजपट्टी शेजारी ठेवलेले एक छायाचित्र असावेच. प्राणी कुठून आला, घरात धूम्रपान होत होते का, तो कधी धुतला का, दुरुस्ती झाली का आणि भरण सरकले आहे का, हे स्पष्ट विचारावे. फेल्टचे भाग, म्हणजे तळवे, कानांचे अस्तर आणि तोंड, यांवर कसर लागल्याची छोटी गोल भोके दिसतात, त्यांचे जवळून घेतलेले चित्र मागावे. हेजहॉग (काटेरी अंगाचा छोटा प्राणी) कुटुंबातील 'मेकी'सारख्या रबरी चेहऱ्याच्या खेळण्यांवर तडे तपासावेत. ते बुजवता येत नाहीत. लिलावगृहातून घेताना हातोड्याच्या किमतीवर, म्हणजे शेवटच्या बोलीवर, साधारण पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक शुल्क लागते, ते बोली लावण्याआधीच हिशेबात धरावे.

जर्मनीत राहणाऱ्या मराठी वाचकाला याबाबतीत मोठी सोय आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासून भगिनीशहरे आहेत, आणि श्टुटगार्ट परिसरात कामानिमित्त राहणारे आपले लोक आहेत. त्यांनी उल्ममार्गे रेल्वेने गींगेनला जाऊन श्टाइफचे संग्रहालय पाहावे. काचेमागे का होईना, अस्सल जुने प्राणी एका जागी पाहिले की पुढच्या आठवडी जुन्या बाजारात हात आपोआप योग्य वस्तूकडे जातो. रविवारच्या अशा बाजारांत सकाळी लवकर जावे, सुटे पैसे न्यावेत आणि पेटीच्या तळाशी पडलेले, चिखलात खेळल्यासारखे दिसणारे प्राणीही उचलून पाहावेत, कारण धूळ निघते, चेहरा राहतो.

भारतात टपालाने मागवणाऱ्याने आधी सीमाशुल्काची चौकशी करावी. खेळण्यांवरील मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे नियम लागू आहेत, आणि वापरलेल्या वस्तूंच्या आयातीवर वेगळे निर्बंध आहेत. चालू दर आणि आपल्या वस्तूचे वर्गीकरण सीमाशुल्क दलालाकडून लेखी समजून घेतल्याशिवाय महागडा नग मागवू नये. पार्सल अडकले तर ते ओलसर गोदामात आठवडेच्या आठवडे पडून राहते, आणि ते नुकसान पैशाच्या नुकसानीहून मोठे असते.

घरी आल्यावर

नवा प्राणी थेट इतरांशेजारी ठेवू नये. पांढऱ्या कागदावर तो हलकेच झटकावा आणि कागदावर काय पडते ते पाहावे: वाळूसारखे कण, रेशमी जाळे किंवा केसाळ अळीची कात दिसली, तर कसरीचा पतंग किंवा लोकर खाणारा भुंगा आत आहे असे समजावे. काही दिसले नाही तरी गोठवण्याचा उपाय करावा. प्राणी टिश्यू कागदात गुंडाळून पॉलिथिनच्या पिशवीत घालावा, शक्य तेवढी हवा काढावी, पिशवी घट्ट बंद करावी आणि उणे १८ अंश किंवा त्याहून थंड फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवावी. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. आतील वस्तू खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पूर्ण एक दिवस तशीच ठेवावी, नाहीतर हवेतील ओलावा लवेवर पाणी होऊन बसतो. रबरी चेहऱ्याच्या खेळण्यांना हा उपाय करू नये.

साफसफाईत पाण्याचा वापर सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी असावा. व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा बांधून, ओढ अगदी कमी ठेवून धूळ काढावी. मऊ ब्रशने लवेच्या दिशेने झाडावे. एवढ्यानेच बहुतेक प्राणी पुरेसे स्वच्छ होतात. तरीही मळ राहिला, तर लोकरीसाठीच्या सौम्य साबणाचा फेस काढून, पाणी न घेता फक्त फेस कापडाच्या टोकावर घेऊन लवेच्या वरच्या भागावर फिरवावा आणि लगेच ओलसर पिळलेल्या कापडाने पुसावा. आधी मांडीच्या आतल्या बाजूला चाचणी घ्यावी, कारण फवाऱ्याने मारलेले पट्टे आणि ठिपके उतरू शकतात. तळकापड भिजता कामा नये. वूडवूल ओले झाले की ते कित्येक दिवस वाळत नाही, आतून कुजते आणि त्याचा तपकिरी रंग बाहेर फुटतो. रिठ्याचे पाणी लोकरीला मानवते हे खरे, पण त्याची पिवळसर छटा पांढऱ्या आणि मलईरंगी मोहेरला चढते, म्हणून ते येथे वापरू नये. वॉशिंग मशीनचा विचारही करू नये.

महाराष्ट्रात आणि गोव्यात या संग्रहाचा खरा शत्रू पावसाळा आहे. मोहेरला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. ६५ टक्क्यांच्या वर ती टिकून राहिली की बुरशी धरते, आणि मुंबईत व कोकणात जून ते सप्टेंबर ती सहसा ८० टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. म्हणून कपाट बाहेरच्या, ओल येणाऱ्या भिंतीला लावू नये. आत एक स्वस्त आर्द्रतामापक ठेवावा आणि सिलिका जेलच्या पिशव्या ठेवून त्या नियमाने तापवून पुन्हा वापराव्यात. संग्रह मोठा असेल तर खोलीसाठी आर्द्रता शोषणारे यंत्र घेणे योग्य ठरते. प्राणी हवाबंद प्लास्टिकमध्ये कायमचे कोंडू नयेत. धुऊन खळ काढलेल्या मांजरपाटात सैल गुंडाळून रंग दिलेल्या लोखंडी कपाटात ठेवणे मला सर्वांत सुरक्षित वाटते, कारण नव्या प्लायवूडमधून निघणारी आम्ल वाफ धातूच्या बटणांना गंज चढवते. डांबरगोळ्या प्राण्यांना चिकटून ठेवू नयेत. त्यांची वाफ प्लास्टिकचे डोळे खराब करते आणि वास लवेत वर्षानुवर्षे राहतो. कडुलिंबाची सुकी पाने पुरचुंडीत ठेवण्यास हरकत नाही, पण दर महिन्याला प्रत्येक प्राणी हातात घेऊन उलटासुलटा पाहण्याला त्यांचा पर्याय होत नाही. मांडून ठेवायचे असल्यास खिडकीपासून दूर, काचेच्या कपाटात, मंद प्रकाशात आणि आळीपाळीने ठेवावेत. संग्रहालये अशा वस्तूंसाठी ५० लक्सच्या आसपासचा प्रकाश पुरेसा मानतात.

दुरुस्ती वस्तू आणखी बिघडू नये एवढ्यापुरतीच करावी. उसवलेली शिवण, लोंबणारा डोळा, भरण बाहेर पडणारे भोक यांना सुती दोऱ्याने, बाकदार सुईने, जुन्याच भोकांतून सैल टाके घालावेत, म्हणजे पुढच्या माणसाला ते उसवता येतील. टकलावर नवे मोहेर चिकटवणे, झिजलेल्या नाकावर नवे नाक भरणे, फिकट पट्टे पुन्हा रंगवणे या गोष्टींनी प्राण्याचा चेहरा आणि मोल दोन्ही जातात. कसरीने खाल्लेला फेल्टचा तळवा काढण्याऐवजी त्यावर त्याच रंगाच्या पातळ जाळीचे आवरण शिवावे. जे काही सुटून येईल, मग तो डोळ्याचा तुकडा असो, दोऱ्याचा तुकडा असो वा वूडवूलची चिमूट, ते छोट्या पाकिटात घालून त्यावर प्राण्याचा क्रमांक लिहावा. प्रत्येक प्राण्याला असा स्वतःचा क्रमांक द्यावा आणि एका वहीत त्याच्यासमोर कारखाना, माप, बटण व लेबलचे वर्णन, खरेदीची तारीख, विक्रेता, किंमत, केलेली प्रत्येक दुरुस्ती आणि विक्रेत्याने सांगितलेली हकिकत नोंदवावी. जुन्या मालकाचा त्या खेळण्यासह काढलेला फोटो मिळत असेल, तर त्यासाठी थोडे अधिक पैसे द्यायलाही मागेपुढे पाहू नये. क्रमांक लिहिलेला कागद कधीही प्राण्याला टाचणीने टोचू नये, तो मऊ सुती फितीने पायाला सैल बांधावा.